कॅमेरा बंद, तरी हजर

माझ्या नाचाच्या वर्गातल्या परळच्या ताईंनी मला हे लिहायला होकार दिला तेव्हा दोन अटी घातल्या. एक, नाव नको. दोन, "माझ्या पोटाचं वर्णन नको." दोन्ही पाळते आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घडलं ते मात्र तसंच ठेवलंय, आणि त्यात माझ्या हातून जे चुकलं तेही.

मी मुलुंडला राहते आणि घरातूनच बायकांसाठी मुक्त नृत्याचा ऑनलाइन वर्ग घेते. 2020 च्या टाळेबंदीत लोकल बंद होत्या तेव्हा हा वर्ग सुरू झाला. गाड्या सुरू झाल्या तरी तो ऑनलाइनच राहिला, कारण संध्याकाळच्या गर्दीत परळहून मुलुंडला यायचं, नाचायचं, परत जाऊन कुकर लावायचा, हे कुणाला जमणार? बुधवारी रात्री साडेनऊ आणि शनिवारी दुपारी तीन, पन्नास-पन्नास मिनिटं. त्या तुकडीत अकरा जणी होत्या. नावांची सरमिसळ होते म्हणून आम्ही एकमेकींना स्टेशनवरून ओळखतो. बोरिवलीच्या, कुर्ल्याच्या, घाटकोपरच्या. तशा या परळच्या.

मुक्त नृत्यात ठरलेल्या स्टेप नसतात, पुढे उभं राहून करून दाखवणारी बाई नसते, शेवटी कार्यक्रम नसतो. संगीत लागतं, मी मधूनमधून एखादी सूचना देते आणि ज्याचं त्याचं अंग ज्याचं त्याने हलवायचं. हे ऑनलाइन कसं जमतं असं लोक विचारतात. उलट हेच ऑनलाइन जमतं. इंटरनेटवरून आवाज प्रत्येकीकडे थोडा थोडा पुढेमागे पोचतो, त्यामुळे अकरा जणींनी एका ठेक्यावर एकत्र पाऊल टाकणं अवघडच असतं. कथकचा वर्ग मी असा घेऊन पाहिला आणि दोन महिन्यांत सोडला. इथे कुणाची कुणाशी बरोबरी करायचीच नसते, म्हणून आवाज मागे राहिला तरी बिघडत नाही.

खोली

ताईंचं वय 49. सहकारी बँकेत नोकरी. घरी नवरा, सासूबाई आणि कॉलेजला जाणारी मुलगी. घर म्हणजे चाळीतली एक खोली. ओटा, मोरी, पलंग, कपाट, देव्हारा, सगळं तिच्यातच. माहेर नायगावच्या बीडीडी चाळीतलं. इंग्रजांच्या काळात, 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या त्या चाळींतली एक खोली 160 चौरस फुटांची. त्यात हे सात जण.

त्या खोलीबद्दल ताईंनी फोनवर एक गोष्ट सांगितली, ती मी विसरू शकत नाही. दहाव्या वर्षी आईने त्यांना सगळ्यांसमोर कपडे बदलायला शिकवलं. परकराची नाडी दातांत धरायची, परकर तंबूसारखा अंगाभोवती राहतो, आतल्या आत हात काढायचे, आतल्या आत घालायचे. कोपर बाहेर दिसता कामा नये. "आणि बघा मॅडम, अजून मी तशीच बदलते. खोलीत कुणी नसलं तरी."

आपल्याकडे 'अंग चोरून बसणं' असा शब्दप्रयोग आहे. मुंबईतल्या बाईला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळाली की आपण एका कुल्ल्यावर बसतो, खांदे पुढे घेतो, पर्स पोटाशी धरतो आणि एक पाय मधल्या वाटेत टेकवून दादर ते ठाणे तोल सांभाळतो. ताईंनी हे चाळीस वर्षं केलं, घरी आणि दारी. त्यावर वजन वाढलं, थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, पाळी जायच्या मार्गाला लागली. घरात कुणी मुद्दाम दुखावणारं बोलत नव्हतं. "सुटली आहेस जरा", "हा रंग आता तुला नको", एवढंच. तेही प्रेमानेच.

त्या वर्गाला का आल्या हे मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. "बँकेतल्या एका मुलीने लिंक पाठवली," एवढंच त्या म्हणाल्या. खरं उत्तर मला पाच महिन्यांनी मिळालं.

वाटेल तसं

पहिल्या वर्गात मी सगळ्यांना जी सूचना देते ती तेव्हा अशी होती: "डोळे मिटा आणि तुम्हाला वाटेल तसं हला." मला ती फार मोकळी, उदार वाटायची. आता वाटतं, इतकी कठीण सूचना दुसरी नसेल. जिला भाजी कुठली करू हेसुद्धा घरातल्या तिघांना विचारून ठरवायची सवय आहे, तिला एकदम 'तुला काय वाटतं' असं विचारायचं, तेही अंगाला! कुर्ल्याच्या ताईंनी सरळ विचारलं, "पण स्टेप कुठली?" बाकीच्या हसल्या, तरी प्रश्न सगळ्यांचाच होता.

संगीताचंही तसंच. ओळखीचं गाणं लावलं की अंगात ओळखीच्या स्टेप येतात. एकदा मी लेझमीचा ठेका लावला तर दहा जणींचे हात आपोआप लेझीम धरल्यासारखे झाले, शाळेच्या मैदानावर असल्यासारखे. मजा खूप आली, पण ती शाळेतल्या बाईंनी शिकवलेली हालचाल होती. तेव्हापासून मी शब्द नसलेलं, फारसं न ऐकलेलं संगीत घेते आणि सूचना अगदी छोटी ठेवते. फक्त उजवं कोपर हलवा. कोपराने हवेत आपलं नाव लिहा, मग पाठीने लिहा. नाव लिहायला सगळ्यांना येतं, आणि पाठीने लिहिताना ते चांगलं दिसावं अशी अपेक्षा कुणाचीच नसते.

परळच्या ताईंचा चौकोन या सगळ्या काळात काळाच होता. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे शनिवारच्या वर्गाला त्या महिन्यातून दोनदाच येत. बुधवारी रात्री मात्र न चुकता लॉगिन करायच्या. कॅमेरा बंद, माइक बंद. मी नाव घेऊन विचारलं तरी उत्तर नाही. माझ्या हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे बुधवारच्या रकान्यात मी लिहीत होते: "लॉगिन. सहभाग नाही."

सातव्या आठवड्यात, एका शनिवारी, मी ती चूक केली. म्हणाले, "आज सगळ्यांनी कॅमेरा चालू करूया. आपण सगळ्या बायकाच आहोत, लाजायचं काय?" हे सगळ्यांना उद्देशून म्हटलं, पण बंद कॅमेरा एकच होता.

चौकोन उघडला. मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे, फडताळात पितळेचे डबे, आणि समोर मरून कुर्त्यातल्या ताई. संगीत सुरू झालं. त्यांचा डावा हात हलायला लागला, खांद्यापासून, संथ, छान. उजवा हात मात्र कुर्ता पुढे ओढत होता. पोटापासून कापड सुटं करायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. नजर माझ्याकडे नव्हती, बाकी कुणाकडेही नव्हती. पडद्याच्या एका कोपऱ्यात खिळलेली. सहाव्या मिनिटाला चौकोन गेला. थोड्या वेळाने मेसेज आला, "नेटवर्क गेलं." मी त्यावर विश्वास ठेवला.

कोपऱ्यातला चौकोन

पुढचे दोन आठवडे त्या आल्या नाहीत. मी फोन केला तो खरं तर पुढच्या महिन्याची फी घ्यायची की नाही हे विचारायला. बोलणं पाऊण तास चाललं.

"सासूबाईंची अडचण झाली का?" मी विचारलं. "मिस्टर काही बोलले?"

"नाही हो. त्या दिवशी घरी कुणीच नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुमचीही लाज नाही वाटली. मला तिथे मी दिसले. कोपऱ्यात. मी हात वर केला की तीही करते, आणि तिचं सगळं हलतं. मग माझं लक्ष संगीतात लागेना. मी तिलाच नीट करत बसले."

तिलाच नीट करत बसले! इतकी वर्षं मी या विषयावर वाचते, शिबिरं करते, पण एवढ्या नेमक्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये मांडलं, की सतत बघितलं जाण्याची सवय झालेली बाई हळूहळू स्वतःकडेही बाहेरून, बघणाऱ्याच्या डोळ्यांनी बघायला लागते. दुसऱ्याच वर्षी त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एकेकट्याने खोलीत पाठवलं, कुणाला पोहण्याचा पोशाख घालायला दिला, कुणाला स्वेटर. समोर पूर्ण उंचीचा आरसा. मग गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटरवाल्या मुलींपेक्षा कमी गुण पडले. मुलग्यांत असा फरक पडला नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. बघणारी तीच होती, आणि तिचं निम्मं डोकं त्या बघण्यात खर्च होत होतं. ताईंचा उजवा हात तेच करत होता.

व्हिडिओ कॉलने या सवयीला दिवसभराचा आरसा दिला. 2021 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलेनसन यांनी व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची चार कारणं सांगितली, त्यातलं एक म्हणजे सतत स्वतःला बघत राहणं. त्याच गटाच्या त्या वर्षीच्या पाहणीत सातांतल्या एका बाईने खूप जास्त थकवा येतो असं सांगितलं. पुरुषांत हे प्रमाण वीसांत एक होतं. आणि मी? नाचाच्या खोलीत आरसा नको म्हणणारी मी, प्रत्येकीच्या हातात आरसा देऊन 'लाजायचं काय' म्हणत होते.

उपाय तांत्रिक आणि अगदी साधा होता. झूममध्ये आपल्या चौकोनावरच्या तीन टिंबांवर जायचं आणि 'हाइड सेल्फ व्ह्यू' निवडायचं. इतरांना आपण दिसतो, आपल्याला आपण दिसत नाही. आता हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून करून घेते. कॅमेरा चालू ठेवायचा की नाही, हे मी विचारतसुद्धा नाही.

यामागे एक जुनी पद्धतही आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत मेरी व्हाइटहाउस यांनी जे काम सुरू केलं, त्याला पुढे 'ऑथेंटिक मूव्हमेंट' म्हणायला लागले. त्यात एक जण डोळे मिटून, आतून जे येईल तसं हलते आणि दुसरी बाजूला बसून नुसती साक्षी असते. शेरा नाही, सुधारणा नाही, वा वा नाही. साक्षी कोण असावी हे ठरवण्यात हलणारीचा शब्द असतो, हे मला वाचून माहीत होतं. अकरा जणींसमोर मी ते विसरले.

त्या फोनवर शेवटी मी बुधवारबद्दल विचारलं. बुधवारी तुम्ही लॉगिन करता, मग करता काय?

"झोपलेली असते," त्या म्हणाल्या. मला वाटलं, खरंच झोपतात. "नाही, म्हणजे अंथरुणावर. साडेनऊला आमच्याकडे दिवा बंद होतो, सासूबाई शेजारीच असतात. मी चादर घेते, कानात इअरफोन घालते आणि तुम्ही सांगता ते बोटांनी करते. पायाच्या पण. तुम्ही म्हणालात ना पाठीने नाव लिहा, ते मी गादीवर लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, काय गं, ढेकूण झाले का?"

फोन ठेवल्यावर मी वही काढली. 'सहभाग नाही' असं लिहिलेल्या सगळ्या ओळी खोडल्या. दर बुधवारी, अंधारात, एक चादर आणि दोन इंच जागा एवढ्यात ती बाई नाचत होती. माझ्या अख्ख्या तुकडीत ती एकटीच सूचना शब्दशः पाळत होती: कुणालाही न दाखवता, स्वतःसाठी.

उडी

त्यानंतर ताई शनिवारीही कॅमेरा लावायला लागल्या, पण आपल्या पद्धतीने. मोबाइल जमिनीवर, मसाल्याच्या डब्याला टेकवून. आम्हाला फक्त पाऊलं दिसायची. मोझाइकची जमीन, जोडवी, भेगाळलेल्या टाचा. त्या पावलांना काय येत होतं! टाच, चवडा, कड, बोटं सुटी सुटी. घाटकोपरच्या ताई एकदा नाचायचं थांबून नुसत्या बघत राहिल्या होत्या.

मग पुन्हा माझ्याकडून चूक झाली, आणि ही जास्त गंभीर. गॅब्रिएल रॉथ या अमेरिकी नर्तिकेने 1970 च्या दशकात विकसित केलेल्या पाच लयींच्या पद्धतीत वाहती लय येते, मग ठाशीव, मग गोंधळाची, मग हलकी आणि शेवटी स्थिरता. मी ती जशीच्या तशी शिकवत नाही, पण मधला जोरकस भाग मला आवडतो. त्या दिवशी ढोल लावला होता. मी ओरडले, "उड्या मारा! सोडून द्या सगळं!"

परळची पाऊलं दोनदा उडाली, तिसऱ्यांदा घट्ट जोडली गेली, आणि चौकोन बंद.

या वेळी मी नेटवर्कवर सोडलं नाही. संध्याकाळी फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून त्या म्हणाल्या, "उडी मारली की थेंब-थेंब होतं. शिंकलं तरी होतं. आठ वर्षं झाली. म्हणून तर मी कुठे नाचत नाही. भाचीच्या हळदीतसुद्धा बसून होते."

आठ वर्षं, आणि डॉक्टरांना एकदाही सांगितलेलं नाही. "हे काय सांगायचं? वयाप्रमाणे होणारच."

बाळंतपणं आणि पाळी जाण्याच्या काळातले बदल यांमुळे ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू सैलावतात. त्यांचं काम मूत्राशय आणि गर्भाशयाला खालून आधार देणं. खोकताना, हसताना, उडी मारताना पोटात दाब वाढतो आणि हा आधार कमी पडला की लघवी सुटते. हे फार बायकांना होतं, पण 'होणारच' म्हणून सोडून द्यायचं दुखणं नाही हे. पहिला उपचार म्हणजे त्याच स्नायूंचा व्यायाम, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली किमान तीन महिने, रोज. देखरेख एवढ्यासाठी, की पुष्कळ जणी चुकून पोट आवळतात किंवा उलट खाली जोर देतात, आणि त्याने त्रास वाढू शकतो. ताई स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेल्या, तिथून फिजिओथेरपिस्टकडे. मी फक्त चिठ्ठीवर लिहून दिलं होतं की डॉक्टरांना काय सांगायचं, कारण "तोंडातून शब्द येणार नाही" असं त्या म्हणत होत्या.

वर्गात आम्ही उडी काढून टाकली. दोन्ही पाऊलं जमिनीवर, गुडघ्यांत लवायचं आणि झुलायचं. ढोल तोच. मी कारण सांगितलं, ताईंचं नाव न घेता. क्षणभर शांतता. मग बोरिवलीच्या ताईंनी माइक उघडला, "अगं बाई, मला वाटलं मी एकटीच." त्या दिवशी नाच पंधरा मिनिटं झाला असेल, बाकीचा वेळ आम्ही बोलत होतो. देहस्वीकार वगैरे शब्द मी जाहिरातीत वापरते, पण 'तुमचं शरीर सुंदर आहे' असं ज्या बाईला मी सांगत होते ती पॅड बदलायची वेळ मोजत उभी होती. तिला सुंदर असण्यापेक्षा कोरडं राहणं हवं होतं, आणि ते मी कधी विचारलंच नव्हतं.

ओढणी

पाचव्या महिन्यातला एक चौथा शनिवार. सूचना होती, 'वजन द्या'. भिंतीला, जमिनीला, खुर्चीला, कशालाही. मोबाइल त्या दिवशी ओट्यावर असावा, कारण कमरेपासून वर ताई दिसत होत्या, पाठमोऱ्या. त्यांनी सुती ओढणी खिडकीच्या ग्रिलला बांधली. दोन वेळा ओढून गाठ तपासली. मग दोन्ही टोकं मुठीत धरली, हात ताठ केले, पाऊलं ग्रिलखाली भिंतीशी आणली आणि मागे रेलल्या.

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी मान मागे टाकली आणि तोंडाने आवाज काढला. पक्… पक्… पक्वा. फुगडी!

फुगडी एकटीने होत नाही. समोरची हवी, आणि दोघींनी आपापलं पूर्ण वजन मागे टाकायला हवं. एक जण अंग चोरायला लागली की फुगडी मोडते, दोघीही पडतात. ताई लहानपणी नायगावच्या चाळीत फुगडीत कुणाला हार जायच्या नाहीत. श्रावणात मंगळागौर कुणाची का असेना, फुगडीला हिला बोलवायचे. हे मला त्यांनी नंतर सांगितलं, आणि वर्गाला का आल्या याचं उत्तरही तेव्हाच दिलं: बँकेतल्या त्या मुलीच्या मंगळागौरीत सगळ्यांनी त्यांना ओढलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या, "नको गं, माझं वजन तुला पेलायचं नाही." ते वाक्य घरी जाऊन त्यांना झोपू देईना.

खिडकीच्या ग्रिलला ते वजन पेललं. किती वेळ त्या तशा रेलून होत्या मला माहीत नाही, संगीत संपलं तरी मी काही बोलले नाही. कुर्ता वर सरकला होता. दोन्ही हात ओढणीत गुंतले होते, ओढायला हात मोकळा नव्हता.

शेवटी आम्ही बोलायला बसतो तेव्हा मी मुद्दाम काही विचारलं नाही. त्या आपण होऊन म्हणाल्या, "तुम्ही ते स्वीकार स्वीकार म्हणता ना ताई, मला वाटायचं ते आवडून घ्यायचं असतं. मला नाही आवडत माझं पोट. पण आज ते माझ्याबरोबर होतं." मॅडमची ताई मी त्या दिवशी झाले.

दार

खरं भांडण मात्र नाचाचं किंवा अंगाचं नव्हतंच, दाराचं होतं. चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. लावलं तर शेजारच्या विचारतात, बरं नाही का? पाहुणे आलेत का? सासूबाईंना कडीचा आवाजच सहन होत नसे. "घरात कडी लावून एवढं काय करतेस?" त्यांच्या जागी मी असते तर मलाही बाहेर गॅलरीत स्टुलावर बसणं आवडलं नसतं. त्यांचाही शनिवार दुपारचा डोळा लागायचा तो त्याच पलंगावर.

मधला मार्ग मुलीने काढला. ती पुस्तक घेऊन उंबऱ्याबाहेर बसायची, दार लोटलेलं, आणि विचारणाऱ्याला सांगायची, "आई मीटिंगमध्ये आहे." सासूबाई त्या वेळी खालच्या मजल्यावर भजनी मंडळात जायला लागल्या; आधी रागाने, मग सवयीने. त्यांचं मत बदललं असं मला म्हणता येणार नाही. नवऱ्याने एकदा विचारलं, किती पैसे देतेस याचे? बाराशे ऐकून गप्प बसला. 'मीटिंग' हा शब्द मला खटकायचा. मी ताईंना तसं बोलले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "नाचते म्हटलं तर सगळे बघायला येतील." मी पुन्हा तो विषय काढला नाही.

सहाव्या महिन्यानंतर ताईंनी वर्ग सोडला. मुलीच्या क्लासची फी वाढली होती. वजनकाट्यावर फरक नाही, आणि तो व्हावा म्हणून त्या आल्याच नव्हत्या. व्यायामाने लघवीचा त्रास पुष्कळ कमी झाला, पूर्ण गेला नाही. गाडीत कुर्ता अजून ओढतात, असं त्यांनीच सांगितलं. फक्त आता ओढताना लक्षात येतं. शनिवारी सुट्टी असली की ओढणी बांधतात. या श्रावणात बँकेतल्या त्याच मुलीच्या मंगळागौरीला बोलावणं होतं. गेल्या, आणि फुगडी एकच फेर घातली. डॉक्टरांनी चक्कर येईपर्यंत फिरू नका सांगितलंय.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. मी उपचार करत नाही. नृत्यातून उपचार हे वेगळं, शिकून करायचं शास्त्र आहे. 1942 मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात मॅरियन चेस यांनी मनोरुग्णांबरोबर ते काम सुरू केलं, तेव्हापासून त्याचं प्रशिक्षण, त्याच्या संस्था उभ्या राहिल्या. माझ्या वर्गात डोळे मिटल्यावर एखादीला जुनं काही भयंकर आठवलं, किंवा खाणंच सोडलेली कुणी आली, तर मी तिला समुपदेशकाकडे पाठवते. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा 14416 वर आहे, मराठीतही बोलता येतं. ताईंच्या बाबतीत ती वेळ आली नाही. आली असती तरी मला कळलं असतं का, हा प्रश्न मला त्या पहिल्या सात आठवड्यांमुळे पडतो.

आता नवी बाई नाव नोंदवते तेव्हा मी तिला आधी फोन करते. नाच येतो का, हे विचारत नाही. उडी मारताना, शिंकताना काही त्रास होतो का, विचारते. त्या वेळी घरात कोण असतं, विचारते. आणि घरातलं एखादं दार तुम्हाला आतून लावता येतं का, विचारते. सगळ्यात लांब उत्तर या शेवटच्या प्रश्नाला मिळतं. परवा चेंबूरच्या एक जणी वीस मिनिटं बोलत होत्या, आणि उत्तर 'नाही' एवढंच होतं. त्यांना मी बुधवारी यायला सांगितलंय, चादर घेऊन.